जोन ऑफ आर्कच्या वाटेवरची श्राव्य सफर: कानात कुजबुजणाऱ्या संतांविषयी एक तक्रार

फ्रान्समधल्या म्यूज नदीकाठच्या दोंरेमी या खेड्यात, जोन ऑफ आर्कच्या जन्मघराच्या आवारात उभे राहून हेडफोन कानाला लावले, की सर्वप्रथम ऐकू येते ते व्हायोलिन. मग वाऱ्याची झुळूक येते, त्यातून एक घुमणारा पुरुषी आवाज उमटतो आणि त्यामागून दोन स्त्रियांची कुजबुज सुरू होते. साधारण १४२५ साली, उन्हाळ्यातल्या एका दुपारी, वडिलांच्या बागेत उभ्या असलेल्या तेरा वर्षांच्या शेतकऱ्याच्या मुलीला जे ऐकू आले, ते आपल्याला ऐकवण्याचा हा प्रयत्न आहे. दुसऱ्या मिनिटाला मी हेडफोन काढले, तेव्हा शेजारच्या चर्चची घंटा वाजत होती. ती केव्हापासून वाजत होती हे मला कळलेच नव्हते.

हे परीक्षण ज्या सेवेचे आहे ती मोबाइलवर चालणारी एक श्राव्य सफर आहे. संपूर्ण मार्गाला २४ युरो पडतात आणि त्यात ३८ भाग, म्हणजे सुमारे साडेपाच तासांचे निवेदन मिळते. आपण त्या त्या ठिकाणी पोहोचलो की फोन जागा ओळखून भाग आपोआप सुरू करतो. दोंरेमी, व्होकूलर, शिनों, ऑर्लेआं, रॅंस आणि रुआं असा कालक्रमाने आखलेला हा मार्ग नकाशावर पाहिला तर बराच वेडावाकडा दिसतो, कारण लॉरेनच्या सीमेवरून ल्वारकाठी जायचे, तिथून पुन्हा मागे शांपान्य प्रांतात यायचे आणि शेवटी नॉर्मंडी गाठायची, असा तो प्रवास आहे. मी तो दहा दिवसांत केला आणि इंग्रजी आवृत्ती ऐकली. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण माझी मुख्य तक्रार ज्या सवयीबद्दल आहे ती या विषयावरच्या बहुतेक ध्वनिफितींत आणि माहितीपटांत आढळते. तिचे खापर एकट्या या सेवेवर फोडणे योग्य होणार नाही.

ती सवय म्हणजे जोन जे बोलली नाही ते तिच्या तोंडी घालण्याची. २१ फेब्रुवारी १४३१ रोजी रुआंच्या किल्ल्यातल्या प्रार्थनामंदिरात, इंग्रजांच्या कैदेत असलेल्या जोनवरच्या धर्मखटल्याची पहिली जाहीर बैठक झाली आणि बोव्हेचा बिशप पिएर कोशों याने तिला सर्व काही खरे सांगण्याची शपथ घ्यायला सांगितले, तेव्हा तिने साफ नकार दिला. तुम्ही मला काय विचारणार आहात हे मला ठाऊक नाही, कदाचित मी सांगू इच्छित नाही असेही काही विचाराल, असे तिचे उत्तर नोंदलेले आहे. आईवडिलांविषयी, फ्रान्सच्या वाटेला लागल्यापासून जे केले त्याविषयी ती शपथ घ्यायला तयार होती. परंतु देवाकडून जे प्रकट झाले ते मी माझ्या राजाखेरीज कोणाला सांगितलेले नाही आणि डोके उडवले तरी सांगणार नाही, असे ती म्हणाली. एकोणीस वर्षांची, अक्षरओळख नसलेली मुलगी धर्मशास्त्राच्या पंडितांसमोर एकटी उभी राहून स्वतःच्या साक्षीची सीमा आखून देते, हा या संपूर्ण कथेतला मला सर्वांत थक्क करणारा क्षण वाटतो. या सफरीत हा प्रसंग आहे, चांगला सादरही केला आहे. पण तो तेहेतिसाव्या भागात येतो. तोपर्यंत तिने जे सांगायचे नाकारले त्यावर आपण तासभर व्हायोलिन ऐकलेले असते.

दोंरेमीच्या भागांत याचा तोटा सर्वाधिक जाणवतो. खटल्यात तिने त्या पहिल्या दुपारबद्दल जे सांगितले ते अत्यंत साधे आहे. आवाज उजव्या बाजूने, चर्चच्या दिशेने आला, त्याच बाजूला बहुधा उजेडही असे, आणि पहिल्या वेळी ती फार घाबरली. आवाजाने काय शिकवले, तर नीट वाग आणि चर्चला जात जा. घर आणि चर्च इतके लगत आहेत, की ‘उजव्या बाजूने’ या शब्दांचा अर्थ तिथे उभे राहिल्यावर आपोआप उमगतो. निवेदकाने एवढेच सांगून आपल्याला पाच मिनिटे शांत उभे राहू दिले असते तरी पुरे होते. त्याऐवजी पहिल्याच भागात संत मिकाएल, संत कॅथरिन आणि संत मार्गारेट असे तिघेही नावानिशी अवतरतात आणि तिला फ्रान्स वाचवायला सांगतात. वास्तविक ही नावे तिने रुआंमध्ये, २७ फेब्रुवारीच्या बैठकीत, खोदून खोदून विचारल्यावर दिलेली आहेत. २२ मार्च १४२९ रोजी इंग्रजांना लिहवून घेतलेल्या तिच्या प्रसिद्ध पत्रात स्वर्गाच्या राजाचा उल्लेख आहे, मात्र या तिघांपैकी कोणाचेही नाव नाही. बोलताना ती बहुधा ‘माझे आवाज’ किंवा ‘माझा सल्ला’ म्हणत असे. आपल्याकडे साक्षात्कार आणि दृष्टान्त असे भारदस्त शब्द आहेत, पण तिच्या तोंडचा शब्द त्यांहून कितीतरी घरगुती आहे, आणि हे घरगुतीपण सफरीच्या संगीताखाली पार बुडून गेले आहे.

घंटांचे तर या सेवेने जवळजवळ विस्मरणच केले आहे. जोनने खटल्यात सांगितले, की चर्चच्या घंटा वाजत असतानाही तिला आवाज ऐकू येत. पुढे, तिच्या मृत्यूनंतर तो खटला पुन्हा तपासणाऱ्या १४५६ च्या चौकशीत दोंरेमीच्या घंटा वाजवणाऱ्या सेवकाने साक्ष दिली, की तो संध्याकाळची घंटा चुकवी तेव्हा ही मुलगी त्याला रागावत असे आणि नियमाने वाजवल्यास काहीबाही देण्याचे कबूल करत असे. लहान मुलीने घंटेसाठी लाच देऊ करावी, याहून जिवंत तपशील कोणत्या लेखकाला सुचला असता? तो सफरीत नाही. जादूचे झाड आणि त्याभोवती नाचणाऱ्या पऱ्या मात्र पूर्ण एका भागात आहेत.

व्होकूलरचा भाग छोटा आहे आणि तो छोटाच असावा. किल्लेदार रोबेर द बोद्रिकूर याने १४२८ साली पहिल्या भेटीत तिच्या नातेवाइकाला, हिला दोन थोबाडीत देऊन बापाकडे पोचवा, असे सांगितले होते. पुढच्या वर्षाच्या आरंभी तोच तिला रवाना करायला तयार झाला. गावकऱ्यांनी पुरुषी कपडे दिले, बारा फ्रँकला घोडा घेऊन दिला, आणि दोन सरदार व त्यांच्या चाकरांसह ती शत्रूच्या मुलखातून, अनेकदा रात्रीच्या वेळी, अकरा दिवस घोडदौड करत शिनोंला पोहोचली. ही सर्व माहिती निवेदक नेमकेपणाने देतो. तिला सोबत घेऊन जाणाऱ्यांपैकी जां द मेझ याने वाटेतला खर्च स्वतः केला, हेही तो विसरत नाही.

शिनोंमध्ये ज्या दालनात तिने दरबाऱ्यांच्या गर्दीतून राजपुत्र शार्लला ओळखले असे सांगतात, त्याची आज एक भिंत आणि तिच्यावर अधांतरी राहिलेली चूल एवढेच शिल्लक आहे. सफर इथे रंगमंचावर चढते. शार्लने कपडे बदलले, दुसऱ्याला सिंहासनावर बसवले, जोन थेट त्याच्यापाशी गेली आणि त्याच्या कानात असे गुपित सांगितले की त्याचा चेहरा उजळला, वगैरे. ओळखल्याचा दावा जोनने स्वतः केलेला आहे. आपल्याला तो आवाजाच्या सांगण्यावरून कळला असे ती म्हणते. सिंहासनाची अदलाबदल मात्र नंतर चढलेली पुटे आहेत. त्या गुपिताबद्दल खटल्यात तिला अनेकदा विचारले गेले आणि ती कधी नकार देत राहिली, कधी मुकुट घेऊन आलेल्या देवदूताची लांबलचक हकिकत सांगत राहिली. या दोन्ही गोष्टी समोर ठेवून श्रोत्याला विचार करायला लावता आले असते. निवेदक त्याऐवजी गुपित काय असावे याचे तीन तर्क सांगतो आणि त्यांतला तिसरा खात्रीचा असल्यासारखा ऐकवतो.

यापेक्षा गंभीर दोष असा, की शिनोंहून ही सफर सरळ ऑर्लेआंला जाते आणि प्वातिए गाळते. दैवी संदेशाचा दावा करणाऱ्या मुलीच्या हाती सैन्य देण्याचा निर्णय ज्या ठिकाणी खऱ्या अर्थाने झाला, ते ठिकाण प्वातिए आहे. शार्लच्या बाजूच्या धर्मपंडितांनी तिथे सुमारे तीन आठवडे तिची परीक्षा घेतली. त्या चौकशीची मूळ नोंद हरवली आहे. परंतु परीक्षकांपैकी सगें नावाच्या डॉमिनिकन धर्मगुरूने कित्येक वर्षांनी दिलेली साक्ष उपलब्ध आहे, आणि ती ऐकवण्यासारखी आहे. तुझा आवाज कोणती भाषा बोलतो, असे याने विचारले तेव्हा जोन म्हणाली, तुमच्यापेक्षा चांगली. हा लिमूझॅं प्रांताच्या बोलीत बोलत असे, आणि हा टोमणा त्याने स्वतःच प्रामाणिकपणे नोंदवला आहे. देवालाच फ्रान्स सोडवायचे असेल तर सैनिक कशाला हवेत, या दुसऱ्या परीक्षकाच्या प्रश्नावर तिचे उत्तर होते, की सैनिक लढतील आणि देव विजय देईल. खूण दाखव म्हटल्यावर ती म्हणाली, खुणा दाखवायला मी प्वातिएला आलेले नाही, मला ऑर्लेआंला न्या. पंडितांनी तिच्यात काही वाईट आढळले नाही असा अहवाल दिला आणि तिचा उपयोग करून पाहण्यास हरकत नाही असे सुचवले. राज्य बुडत असताना घेतलेला हा सावध, कारकुनी स्वरूपाचा निर्णय होता. १४२० च्या त्र्वाच्या तहाने शार्लचा वारसा त्याच्या वेड्या बापाच्या नावे काढून घेतला गेला होता, ऑर्लेआंला १२ ऑक्टोबर १४२८ पासून वेढा पडला होता, आणि फेब्रुवारी १४२९ मध्ये रुव्रेजवळ इंग्रजांची रसद अडवायला गेलेले सैन्य मार खाऊन परतले होते. हे सारे कारण सफरीत दोन वाक्यांत उरकले आहे, त्यामुळे ऐकणाऱ्याला वाटते की राजपुत्राच्या कानात काही कुजबुजले आणि सैन्य मिळाले.

ऑर्लेआंच्या भागांविषयी मात्र मनापासून चांगले लिहावे लागेल. इथे निवेदनाची सूत्रे दुसऱ्या कोणी तरी लिहिली असावीत, इतका फरक जाणवतो. तूर येथे तिच्यासाठी चिलखत बनवले गेले त्याचे १०० लिव्र तुर्न्वा (तेव्हाचे फ्रेंच चलन) आणि निशाण रंगवण्याचे २५ लिव्र राजाच्या हिशेबात लागलेले आहेत, हे सांगून हा भाग सुरू होतो, आणि दैवी मोहिमेलाही खजिनदाराची सही लागते हे श्रोत्याच्या लक्षात येते. सेंट-कातरीन-द-फिएरब्वाच्या चर्चमध्ये वेदीजवळ पुरलेली तलवार तिने मागवून घेतली, पण निशाण मला तलवारीपेक्षा चाळीस पटींनी प्रिय होते आणि मी कोणाला ठार मारले नाही, असे ती पुढे न्यायाधीशांना म्हणाली. तेही इथे योग्य जागी येते.

२९ एप्रिलला ती ल्वारच्या काठी पोहोचली तेव्हा शहराचा सेनापती दुनुआ, ज्याला तेव्हा ‘ऑर्लेआंचा अनौरस पुत्र’ म्हणूनच ओळखत, तिला भेटायला नदी ओलांडून आला. इंग्रजांशी थेट गाठ पडू नये म्हणून रसदीचा तांडा दक्षिण काठाने आणण्याचा निर्णय जाणत्या कप्तानांचा होता, आणि हे कळल्यावर सतरा वर्षांची ही मुलगी त्याच्यावर उखडली. देवाचा सल्ला तुमच्या सल्ल्यापेक्षा शहाणा आहे, मला फसवू पाहिलेत आणि स्वतःच फसलात, असे ती म्हणाली. तोवर उलटा असलेला वारा फिरला, नावा प्रवाहाविरुद्ध जाऊ शकल्या. दुनुआने सत्तावीस वर्षांनी शपथेवर सांगितले, की त्या क्षणापासून मला तिच्याविषयी आशा वाटू लागली. हा संवाद नदीकाठी, पाण्याचा खरा आवाज कानी पडत असताना ऐकायला मिळतो आणि या भागाला कोणतेही पार्श्वसंगीत नाही. ज्याने हे संगीत गाळले त्याचे आभार.

तांत्रिक बाबतीत इथेच एक घोळ होतो. पुलाच्या दक्षिण टोकावरच्या तूरेल या बुरुजांची लढाई सध्याच्या जॉर्ज पाचवा पुलावर पाऊल ठेवताच सुरू होते. मध्ययुगीन पूल थोडा वरच्या अंगाला होता आणि तो अठराव्या शतकात पाडला गेला. दक्षिण काठावर उतरून, डावीकडे थोडे चालत गेल्यावरच खरी जागा येते, पण तोवर भाग संपलेला असतो. तो थांबवून पुढे ऐकावा. त्याचप्रमाणे ज्या घरात ती उतरली ते खजिनदार झाक बुशे याचे घर म्हणून दाखवले जाणारे घर १९४० साली नष्ट झाले आणि पुढे नव्याने बांधले गेले, हे निवेदक सांगत नाही, ते सांगायला हवे होते.

आता या सफरीतला मला सर्वांत मोलाचा वाटलेला भाग. ४ मे रोजी दुपारी जोन विश्रांती घेत होती, तिचा कारभारी जां दोलों त्याच खोलीत लवंडला होता. ती एकाएकी उठली आणि म्हणाली, माझ्या सल्ल्याने मला इंग्रजांवर चालून जायला सांगितले आहे, पण त्यांच्या गढ्यांवर जायचे की त्यांची रसद घेऊन येणाऱ्या फास्तोल्फवर, हे मला कळत नाही. त्याच दिवशी सें-लूची गढी पडली. दोलोंने सांगितलेल्या या चार ओळी दैवी आवाज आणि सैन्य यांच्या नात्याबद्दल शेकडो पानांपेक्षा अधिक सांगतात. आवाज तिला उठवतात, नकाशा देत नाहीत. कुठे जायचे ते तिला उठून, चिलखत चढवून, लोकांना विचारून, रस्त्यावर जखमी दिसतील त्या दिशेने धावत शोधावे लागते. पुढे तिच्याबरोबर लढलेल्या आलांसोंच्या ड्यूकने म्हटले, की इतर बाबतीत ती साधी, कोवळी मुलगी होती, पण युद्धात, विशेषतः तोफा मांडण्यात, तिचे कसब पाहून सारे चकित होत. प्वातिएच्या पंडितांना तिने जे सांगितले होते, की सैनिक लढतील आणि देव विजय देईल, त्याचा अर्थ इथे दिसतो.

म्हणूनच त्याच रात्री मुक्कामी ऐकलेल्या ७ मेच्या भागाने माझी निराशा केली. मान आणि खांद्याच्या मध्ये बाण लागल्यावरही ती परत आली होती. संध्याकाळ होत आली, दुनुआ माघारीचा विचार करू लागला. तिने त्याला थोडे थांबायला सांगितले, घोड्यावरून एका द्राक्षमळ्यात एकटीच गेली, जेमतेम सात-आठ मिनिटे प्रार्थना केली, परत येऊन निशाण हाती घेतले आणि खंदकाच्या काठावर उभी राहिली. सैनिक पुन्हा चढून गेले, तूरेल पडले, इंग्रज नायक ग्लासडेल नदीत बुडाला, आणि दुसऱ्या दिवशी वेढा उठला. मळ्यात काय घडले ते दुनुआने सांगितलेले नाही, कारण तो तिथे नव्हता. सफरीचे लेखक मात्र तिथे होते. द्राक्षवेलींमध्ये पुन्हा व्हायोलिन सुरू होते, कॅथरिन धीर देते, मार्गारेट अश्रू पुसते. सकाळी नदीकाठी कमावलेला विश्वास इथे घालवला जातो.

रॅंसचे भाग ठीकठाक आहेत. १७ जुलै १४२९ चा शार्लचा राज्याभिषेक, वेदीशेजारी धरलेले तिचे निशाण आणि ‘ते कष्टांत होते, मग मानातही असावे हे योग्यच’ हे तिचे उत्तर, एवढ्यावर भव्य कॅथेड्रल निभावून नेते. तिचे वडील अभिषेकासाठी आले आणि त्यांच्या खाणावळीचा खर्च रॅंस शहराच्या तिजोरीतून झाला, तसेच त्याच महिन्याअखेरीस दोंरेमी आणि शेजारच्या ग्रू गावाला करमाफी मिळाली आणि ती फ्रेंच राज्यक्रांतीपर्यंत टिकली, ही माहिती इथे मिळते.

रॅंस ते रुआं या प्रवासात ऐकण्यासाठी तीन जोडभाग दिले आहेत, आणि त्यांतून या सेवेची गोंधळलेली वृत्ती स्पष्ट होते. एका भागात आधुनिक वैद्यकाने सुचवलेली कारणे आहेत. अपस्मार, मेंदूत पसरलेला क्षय, स्किझोफ्रेनिया, अशी एकामागून एक निदाने निवेदक डॉक्टरी गांभीर्याने वाचून दाखवतो. ही निदाने मांडली गेली आहेत हे खरे. पण ती ज्या कागदांवरून मांडली त्यांचा विचार तो करत नाही. ते कागद शत्रुपक्षाच्या न्यायालयाचे आहेत, फ्रेंचमध्ये घेतलेल्या टिपणांवरून नंतर लॅटिनमध्ये रचलेले आहेत, आणि ज्या स्त्रीची लक्षणे पाहायची तिने मुख्य गोष्ट सांगणार नाही असे आधीच बजावलेले आहे. दुसरा जोडभाग तिच्या तथाकथित अवशेषांविषयी आहे आणि तो मजेदार आहे. १८६७ साली पॅरिसमधल्या एका औषधविक्रेत्याच्या माळ्यावर सापडलेल्या बरणीतले तुकडे जोनचे मानून शिनोंमध्ये जपले गेले होते. २००७ साली जाहीर झालेल्या तपासणीत ते इजिप्तच्या ममीचे आणि एका मांजराच्या हाडाचे निघाले. तिसऱ्यात तिचे समकालीन म्हणावे असे एकमेव चित्र येते. १० मे १४२९ रोजी पॅरिसच्या न्यायालयातल्या कारकुनाने ऑर्लेआंची बातमी नोंदवताना समासात तिचे चित्र काढले, तिला कधी पाहिलेले नसल्यामुळे लांब केस आणि झगा घालून. जे पाहिले नाही ते आपल्या समजुतीने रेखाटण्याची ही सवय किती जुनी आहे ते सफरीच्या लेखकांनी सांगितले, पण आरसा स्वतःकडे वळवला नाही.

या तिन्ही भागांऐवजी मला कातरीन द ला रोशेलची हकिकत ऐकायला आवडली असती, जी इथे कुठेच नाही. ही बाईही दृष्टान्त होतात असे सांगत असे. सोनेरी वस्त्रातली एक गौरवर्ण स्त्री रात्री येऊन गुप्त धनाचा ठावठिकाणा सांगते आणि त्या पैशातून सैनिकांचा पगार देता येईल, असा तिचा दावा होता. जोनने तो पारखून पाहिला. पहिल्या रात्री तिच्या शेजारी झोपली आणि मध्यरात्रीपर्यंत जागी राहिली. मग डोळा लागला, तर सकाळी कातरीनने सांगितले की तू झोपलीस तेव्हा ती येऊन गेली. दुसऱ्या दिवशी जोन दिवसाच झोपून घेतली आणि रात्रभर टक्क जागी राहिली. येणार ना, येणार ना, असे ती विचारत होती आणि कातरीन हो, आता येईल, म्हणत होती. कोणी आले नाही. जोनने तिला नवऱ्याकडे परत जाऊन घरकाम करण्याचा आणि मुलांना सांभाळण्याचा सल्ला दिला आणि राजाला कळवले की हा सगळा वेडेपणा आहे. दुसऱ्याच्या दृष्टान्ताला जिने पाळत ठेवून तपासले, ती स्वतःच्या आवाजांबाबतही हिशेब चोख ठेवत असे. पॅरिसवरचा सप्टेंबर १४२९ चा अयशस्वी हल्ला आवाजांच्या सांगण्यावरून झाला नव्हता, सरदारांना चकमक हवी होती म्हणून गेले, असे तिने न्यायालयात सांगितले. कैदेत असताना बोरव्ह्वारच्या बुरुजावरून उडी मारू नकोस असे कॅथरिन रोज सांगत होती, तरी मी उडी मारली, हेही तिने कबूल केले. कानात सतत कुजबुजणाऱ्या संतांची ही सफर ऐकताना, ती त्यांची आज्ञा मोडतही असे, याची कल्पनाही येत नाही.

रुआंचे नऊ भाग अभिनय कमी आणि वाचन जास्त या पद्धतीचे आहेत, आणि तिथे सफर पुन्हा सावरते. कोंपिएन्यला २३ मे १४३० रोजी पकडल्या गेलेल्या जोनला १०,००० लिव्रला इंग्रजांच्या हवाली केल्यानंतर तिच्यावर चाललेल्या खटल्याची प्रश्नोत्तरे एक वृद्ध आवाज आणि एक तरुण आवाज सरळ वाचून दाखवतात. संत मिकाएल नग्न होता का? देवाजवळ त्याला नेसवायला काही नाही असे तुम्हाला वाटते का? मार्गारेट इंग्रजी बोलते का? ती इंग्रजांच्या बाजूची नाही, तर इंग्रजी का बोलेल? तुझ्यावर देवाची कृपा आहे का, या हो म्हटले तरी अडकवणाऱ्या आणि नाही म्हटले तरी अडकवणाऱ्या प्रश्नावर, नसेल तर देव मला तिथे नेवो, असेल तर तिथेच ठेवो, हे तिचे उत्तर वाचून झाल्यावर ध्वनिफीत काही सेकंद मूक राहते. माझी एकच दुरुस्ती आहे. ‘जोन ऑफ आर्कचा बुरूज’ म्हणून जो गोल बुरूज दाखवतात तिथे ती कैदेत नव्हती. तिथे तिला ९ मे १४३१ रोजी छळाची साधने दाखवण्यासाठी नेले होते. निवेदक हे सांगतो, पण फोनवरच्या नकाशात मात्र त्याच बुरुजावर ‘तुरुंग’ असे लिहिले आहे.

२४ मे रोजी सें-ऊआंच्या दफनभूमीत तिने आपले म्हणणे मागे घेणाऱ्या माघारपत्रावर खूण केली, आणि चारच दिवसांनी, माझ्या या विश्वासघाताबद्दल फार खेद झाल्याचे आवाजांनी मला सांगितले, असे ती म्हणाली. लेखनिकाने त्या ओळीशेजारी समासात लॅटिनमध्ये ‘प्राणघातक उत्तर’ असे लिहून ठेवले. ३० मे रोजी जुन्या बाजाराच्या चौकात तिला जाळले. चौकात आता १९७९ साली पूर्ण झालेले तिच्या नावाचे आधुनिक चर्च आहे. शेवटचा भाग तिथेच ऐकायचा असतो आणि तो केवळ चार मिनिटांचा आहे, हे लेखकांचे शहाणपण.

कोणी विचारले तर मी सांगेन, की ऑर्लेआं आणि रुआं हे दोन खंड स्वतंत्रपणे घ्यावेत. तसे ते मिळतात आणि दोन्ही मिळून निम्म्याहून कमी पैसे पडतात. दोंरेमीला जायचे तर हेडफोनशिवाय जावे. आणि सेवेला मी पत्राने एकच सुचवले आहे, की पुढच्या आवृत्तीत जां दोलोंची साक्ष अपुरी न ठेवता पूर्ण घालावी. १४५६ मध्ये ल्यों येथे त्याने ती फ्रेंचमध्ये दिली. त्यात तो सांगतो, की एकदा त्याने जोनला विचारले, तुझे हे सल्लागार आहेत तरी कोण? तिने सांगितले, तीन आहेत. एक कायम जवळ असतो, दुसरा येऊन जाऊन असतो, तिसऱ्याशी ते दोघे मसलत करतात. त्याने तिला विनवले, की मला एकदा ते दाखव. ती म्हणाली, तू तेवढा योग्य नाहीस, तेवढा सद्गुणीही नाहीस. त्यानंतर मी तिला त्याविषयी पुन्हा काही विचारले नाही, असे दोलों म्हणतो.